‘नाहीतर लिनक्स’ हे गृहीतक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरवणीत, सी आणि सी++ या भाषांत लिहिलेला एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कसा चालवता येतो, हे सांगणारा लेख नुकताच वाचनात आला. एवढ्या रुक्ष विषयाला वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंद आहेच. शिवाय प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइलर कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याआधी त्यातले भाग ठेवणारा किंवा वगळणारा टप्पा, काय असतो, हे लेखकाने ज्या सोप्या भाषेत समजावले आहे, तसे अनेक पाठ्यपुस्तकांनाही साधत नाही. परंतु लेखातील चौकटीत नमुना म्हणून छापलेल्या सहा-सात ओळींबद्दल लिहिणे मला भाग वाटते. ‘विन३२’ हा मॅक्रो (प्रीप्रोसेसरला माहीत असलेले, बहुधा काही किंमत असलेले नाव) असेल तर विंडोज, ‘__अ‍ॅपल__’ असेल तर मॅक, नाहीतर लिनक्स, असा त्या ओळींचा आशय आहे. चौकटीतला कोड नवशिके वाचक जसाच्या तसा उतरवून घेतात आणि तो पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या प्रोग्रॅममध्ये राहतो. म्हणून त्या तीनही पायऱ्यांतल्या उणिवा, आणि विशेषतः शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये दडलेले गृहीतक, दाखवून देण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मॅक्रोंची नावे मुळात रोमन लिपीत असतात; आपल्या छपाईच्या सोयीसाठी मी ती देवनागरीत लिहिली आहेत. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नाही, प्रीप्रोसेसर मात्र तो भेद काटेकोरपणे पाळतो, त्यामुळे गरज पडेल तिथे तो शब्दांत सांगितला आहे. नावाच्या मागेपुढे येणारे अंडरस्कोर तेवढे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण निम्मी चूक त्यांच्यापाशीच होते.

सी भाषेचे पहिले मानक १९८९ मध्ये आले, तेव्हा त्याने कंपाइलरने स्वतःहून पुरवायचे मॅक्रो पाचच ठरवले होते: ओळीचा क्रमांक, फाइलचे नाव, तारीख, वेळ आणि आपण मानकाला धरून असल्याची खूण. ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल मानक तेव्हाही गप्प होते आणि आजही गप्पच आहे. विंडोज, लिनक्स, मॅक ओळखण्यासाठी आपण जी नावे वापरतो, ती सगळी त्या-त्या कंपाइलरच्या निर्मात्यांनी पाडलेल्या प्रथा आहेत. त्यांत एकसूत्रीपणा शोधू नये. नाव कसे असावे यावर मानकाने फक्त एक बंधन घातले, ते असे की कंपाइलरने आपणहून दिलेल्या मॅक्रोच्या नावाची सुरुवात दोन अंडरस्कोरने, किंवा एक अंडरस्कोर आणि त्यामागोमाग कॅपिटल अक्षर अशी झाली पाहिजे, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठेवलेल्या नावांशी त्याची टक्कर होणार नाही.

या नियमाकडे पाहिले की चौकटीतली पहिली पायरीच निखळते. अंडरस्कोर नसलेला ‘विन३२’ मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर स्वतःहून देत नाही. तो देतो ‘_विन३२’. मग अंडरस्कोर नसलेले नाव इतक्या ठिकाणी चालते कसे? मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या साधनात नवा प्रोजेक्ट तयार केला की त्याच्या सेटिंगमध्ये हे नाव बऱ्याचदा आधीच भरलेले असते, म्हणून. म्हणजे ते कंपाइलरने सांगितलेले नसते, प्रोजेक्ट फाइलने त्याच्या कानात घातलेले असते. प्रोजेक्ट फाइल बदलली की ती खूण नाहीशी होते.

याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या गटात काम करत होतो, तिथे उपकरणांची मोजमापे बायनरी फाइलमधून वाचणारा एक जुना प्रोग्रॅम होता. फाइल उघडताना विंडोजवर ‘आरबी’ (बायनरी म्हणून वाचा) हा मोड द्यायचा आणि इतरत्र नुसता ‘आर’, अशी निवड त्यात याच अंडरस्कोर नसलेल्या नावावर सोपवलेली होती. प्रोजेक्ट फाइलचा कंटाळा येऊन मी सुटसुटीत मेकफाइल (प्रोग्रॅम कसा कंपाइल करायचा हे सांगणारी आज्ञांची फाइल) लिहिली. बिल्ड झाली, एकही वॉर्निंग आली नाही, प्रोग्रॅम सुरूही झाला, आणि मग काही फाइली पूर्ण वाचल्या जाऊ लागल्या, तर काही मध्येच कुठेतरी संपू लागल्या. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे नुसत्या ‘आर’ने, उघडलेल्या फाइलमध्ये २६ हे मूल्य असलेला बाइट आला की तिथेच फाइल संपली असे मानले जाते, ही डॉसच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे. ज्या मोजमापांत योगायोगाने तो बाइट येत होता, तेवढ्याच फाइली तुटत होत्या. दोन दिवस आम्ही उपकरणावर संशय घेतला, केबल बदलून पाहिली. दोष होता तो एका अंडरस्कोरचा. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की तो मॅक्रो तपासण्याची मुळात गरजच नव्हती, कारण ‘आरबी’ हा मोड सीच्या मानकातच आहे आणि लिनक्स किंवा मॅकवर त्यातल्या ‘बी’ने काहीही बिघडत नाही. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

योग्य नाव वापरले तरी त्यातला ३२ हा आकडा फसवतो. ‘_विन३२’ हा मॅक्रो ६४ बिटच्या विंडोजसाठी कंपाइल करतानाही असतो, तसाच एआरएम प्रोसेसरवरच्या विंडोजसाठीही असतो. त्यातले ‘विन३२’ हे त्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसचे जुने नाव आहे, बिटांची संख्या नव्हे. फक्त ६४ बिटसाठी वेगळा ‘_विन६४’ आहे, आणि दोन्हींत फरक करायचा असेल तर तो आधी तपासावा लागतो. ‘_विन३२ किंवा _विन६४’ अशी जोडअट पुष्कळ ठिकाणी दिसते, ती निरुपद्रवी असली तरी निरर्थक आहे. याउलट मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरची आवृत्ती सांगणारा मॅक्रो आहे म्हणजे विंडोज आणि जीसीसीचा (लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या कंपाइलरचा) आहे म्हणजे लिनक्स, ही समजूत मात्र उपद्रवी आहे. मिनजीडब्ल्यू हा जीसीसीच असून विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवतो आणि इमाने-इतबारे ‘_विन३२’ देतो. कंपाइलर कोणता आणि लक्ष्य कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणाऱ्या सिग्विनचे उदाहरण तर या सगळ्या विषयाचे मर्म सांगणारे आहे. सिग्विनचा प्रोग्रॅम चालतो विंडोजवर, पण त्याचा कंपाइलर ‘_विन३२’ देत नाही. तो ‘__युनिक्स__’ आणि ‘__सिग्विन__’ देतो. प्रथमदर्शनी हे खोटे वाटते. परंतु सिग्विनमध्ये प्रोग्रॅमला जी फंक्शन्स मिळतात ती पॉझिक्सची, म्हणजे युनिक्सच्या धर्तीवरच्या सिस्टिमच्या सामायिक मानकाची, असतात, त्यामुळे युनिक्ससाठी लिहिलेला भागच तिथे कंपाइल व्हायला हवा, आणि कंपाइलरचे उत्तर त्या अर्थाने खरे आहे. संगणकाच्या पडद्यावर कोणता लोगो दिसतो हे मॅक्रो सांगत नाही. प्रोग्रॅमच्या पुढ्यात कोणती फंक्शन्स आणि कोणते हेडर (फंक्शन्सची ओळख करून देणाऱ्या फाइली) असणार आहेत, हे तो सांगतो.

लिनक्सकडे वळू. इथे खात्रीचे नाव ‘__लिनक्स__’, सगळी अक्षरे स्मॉल. हेच नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलेले कोड मी अनेकदा पाहिले आहेत. ते नाव कोणताच प्रचलित कंपाइलर देत नाही, आणि तरीही असे कोड ‘चालत’ असतात, कारण शेवटी तो ‘नाहीतर’ त्यांना सांभाळून घेत असतो. जीसीसी आपल्या नेहमीच्या, म्हणजे मानकात स्वतःची भर घातलेल्या पद्धतीने चालवला, तर अंडरस्कोर नसलेली ‘लिनक्स’ आणि ‘युनिक्स’ ही नावेही अजून जिवंत असतात आणि त्यांची किंमत १ असते. त्यामुळे एखाद्याने निष्पापपणे ‘लिनक्स’ नावाचे व्हेरिएबल केले, तर त्या जागी १ हा आकडा येऊन बसतो आणि कंपाइलर कोड्यात टाकणारी तक्रार करतो. मानकाला काटेकोरपणे धरून चालण्याचा पर्याय दिला की ती नावे नाहीशी होतात आणि तक्रारही मिटते. (दुर्बोध सी कोडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १९८७ साली डेव्हिड कॉर्न यांच्या एका ओळीच्या प्रोग्रॅमने बाजी मारली होती. ती ओळ ‘युनिक्स’ हा शब्द छापते, पण त्यातले ‘युनिक्स’ ही छापायची अक्षरे नसून १ ही किंमत असलेला हाच मॅक्रो आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी ती उलगडून पाहावी. माझी एक संध्याकाळ तिने खाल्ली होती.)

लिनक्सबाबतची खरी अडचण अँड्रॉइडची आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच असल्याने तिथे ‘__लिनक्स__’ही असतो आणि ‘__अँड्रॉइड__’ही. म्हणून अँड्रॉइडची तपासणी आधी यायला हवी. क्रम उलटला तर अँड्रॉइडचा भाग कधीच कंपाइल होणार नाही आणि कोणी तक्रारही करणार नाही. शिवाय ‘__लिनक्स__’ फक्त कर्नलबद्दल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबद्दल बोलतो, सी लायब्ररीबद्दल (सीच्या तयार फंक्शन्सच्या संचाबद्दल) नाही. ग्नू सी लायब्ररीची खूण तिच्या हेडरमधून मिळते, कंपाइलरकडून नव्हे, आणि मसल या लायब्ररीच्या कर्त्यांनी तर अशी खूण जाणूनबुजून ठेवलेलीच नाही.

‘__अ‍ॅपल__ म्हणजे मॅक’ ही दुसरी पायरीही डळमळीत आहे. हा मॅक्रो मॅकओएस, आयओएस, टीव्हीओएस आणि वॉचओएस या सगळ्यांसाठी असतो. त्यांत फरक करायचा तर अ‍ॅपलचा ‘टार्गेटकंडिशनल्स’ हा हेडर आणावा लागतो आणि त्यातली नावे तपासावी लागतात. त्या नावांतही दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे ‘टार्गेट_ओएस_मॅक’ हे नाव आयफोनसाठीही खरे ठरते. फक्त मॅकसाठीचे नाव ‘टार्गेट_ओएस_ओएसएक्स’ असे आहे. दुसरा सापळा अधिक वाईट आहे. ही नावे खोटी असतात तेव्हा नाहीशी होत नाहीत, त्यांची किंमत ० होते. नाव आहे की नाही एवढेच ‘#इफडेफ’ पाहतो, किंमत पाहत नाही. त्यामुळे ‘#इफडेफ टार्गेट_ओएस_आयफोन’ असे लिहिले की मॅकवरसुद्धा आयफोनचा भाग कंपाइल होऊ लागतो. इथे किंमत पाहणारा ‘#इफ’च हवा. जाता जाता एक गंमत: मॅकओएसला २००७ मधील १०.५ या आवृत्तीपासून युनिक्स असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र आहे, पण त्याचा कंपाइलर ‘__युनिक्स__’ देत नाही; लिनक्स सर्वसाधारणपणे असे कोणतेही प्रमाणपत्र न घेता वावरते, पण तिथे तो मॅक्रो असतो. त्यामुळे ‘__युनिक्स__’वर विसंबून लिहिलेल्या कोडमध्ये मॅकची वेगळी सोय करावीच लागते.

‘#इफ’ हवा म्हटले खरे, पण त्याचीही एक खोड आहे. प्रीप्रोसेसरला ‘#इफ’पुढे अनोळखी नाव दिसले, तर तो ते चूक मानत नाही, त्या जागी ० धरून पुढे जातो. हा मानकाचाच नियम आहे. हेडर आणायला विसरलात, नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, अंडरस्कोर एक कमी पडला, तर प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असेच येते आणि ते खऱ्या ‘नाही’हून वेगळे ओळखता येत नाही. जीसीसी आणि क्लँग या कंपाइलरांमध्ये ‘-डब्ल्यूअनडेफ’ हा पर्याय दिला की निदान ‘#इफ’मधल्या अशा नावांबद्दल वॉर्निंग मिळते. ‘#इफडेफ’ला मात्र असा पहारेकरी नाही, कारण नाव नसणे हे तर त्याच्या प्रश्नाचे रीतसर उत्तरच आहे. आपला कंपाइलर नक्की काय-काय देतो हे पाहायचे असेल, तर याच दोन कंपाइलरांना रिकामी फाइल देऊन ‘-डीएम -ई’ (डी स्मॉल, बाकी दोन्ही अक्षरे कॅपिटल) असे सांगावे. शेकडो ओळींची यादी समोर येते. इंटरनेटवरचे तक्ते पाठ करण्यापेक्षा ही यादी एकदा शांतपणे वाचणे केव्हाही चांगले.

आता त्या ‘नाहीतर’कडे येतो. विंडोज नाही आणि अ‍ॅपल नाही, म्हणून लिनक्स, असे म्हटल्यावर फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी, सोलारिस, एआयएक्स, हायकू आणि ब्राउझरसाठी कंपाइल करणारे एम्स्क्रिप्टन हे सगळेच लिनक्सच्या पंक्तीत जाऊन बसतात. या प्रत्येकाची स्वतःची खूण आहे; फ्रीबीएसडीच्या ‘__फ्रीबीएसडी__’ची तर किंमतच मुख्य आवृत्तीचा क्रमांक असते. समजा, लिनक्सच्या भागात प्रोग्रॅम स्वतःच्या फाइलचा पत्ता शोधण्यासाठी ‘/प्रॉक/सेल्फ/एक्सई’ वाचतो. फ्रीबीएसडीवर हा भाग विनातक्रार कंपाइल होईल, कारण कंपाइलरच्या दृष्टीने ती केवळ एक अक्षरमाला आहे. तिथे ‘प्रॉक’ ही फाइल सिस्टिम सहसा जोडलेलीच नसते, म्हणून प्रोग्रॅम पडेल तो वापरणाऱ्याच्या हातात, आणि तो माणूस आपल्या संगणकात काय बिघडले हे शोधत बसेल. याऐवजी त्या ‘#एल्स’खाली, म्हणजे ‘नाहीतर’खाली, कंपाइल करणे तिथेच थांबवणारी ‘#एरर’ अशी एक ओळ घालून ‘ही ऑपरेटिंग सिस्टिम ओळखता आली नाही’ एवढे लिहिले, तर हाच दोष बिल्डच्या पहिल्याच मिनिटाला, तो दुरुस्त करू शकणाऱ्या माणसासमोर उघडा पडतो. माझ्या मोजमापांच्या प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ असती, तर आमचे दोन दिवस आणि एक केबल वाचली असती.

कोणी म्हणेल की ‘#एरर’मुळे जो प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर कदाचित चालला असता, तोही अडतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. बीएसडीवर काम करणाऱ्यांना अशा ओळींचा वैताग येतो आणि पुष्कळदा त्यांचे म्हणणे बरोबरही असते, कारण तिथे लिनक्सचाच कोड व्यवस्थित चालणार असतो. परंतु त्या वैतागाचे मूळ माझ्या मते ‘#एरर’मध्ये नाही, जिथे गरज नाही तिथेही ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव विचारण्याच्या सवयीत आहे.

आपल्याला हवे असते एखादे फंक्शन किंवा एखादा ठराविक आकाराचा पूर्णांक, आणि आपण विचारतो सिस्टिमचे नाव. ६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर ‘लाँग’ ६४ बिटचा असतो, ६४ बिटच्या विंडोजवर तो ३२ बिटचाच राहतो. हे माहीत असलेले लोक मॅक्रोच्या शिड्या उभारून आपापले पूर्णांक बनवत असत. १९९९ च्या मानकाने ठराविक रुंदीचे पूर्णांक देणारा ‘एसटीडीइंट’ हेडर दिला, तेव्हापासून त्या शिडीचे प्रयोजन संपले आहे. हेडर आहे का, एवढेच हवे असेल तर तसे थेट विचारणारे ‘__हॅज_इन्क्लूड’ २०१७ च्या सी++ मानकापासून उपलब्ध आहे आणि सी२३ मध्ये ते सीमध्येही आले. फंक्शन आहे का, हे प्रत्यक्ष छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून तपासण्याची ऑटोकॉन्फ या साधनाची रीत तर १९९१ पासूनची आहे; तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट संथ आणि कंटाळवाणी वाटते, हे मीही मान्य करतो, पण ती अंदाज करत नाही, करून पाहते. अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवण्याची ईपोल ही सोय लिनक्सवर मिळते आणि तशीच केक्यू ही सोय बीएसडी व मॅकवर मिळते, तेव्हा ‘बीएसडी आहे का?’ याऐवजी ‘केक्यू आहे का?’ असे विचारले, तर मॅकसाठी वेगळी पायरी लागतच नाही.

तरीही काही ठिकाणी नाव विचारावेच लागते. विंडोजचे ‘स्लीप’ मिलिसेकंद घेते आणि पॉझिक्सचे ‘स्लीप’ सेकंद. एकाचे पहिले अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचे स्मॉल, आणि आकड्याच्या अर्थात हजारपटीचा फरक. चालू प्रोग्रॅममध्ये लायब्ररी जोडणे, प्रोसेस सुरू करणे, कन्सोलचे रंग, यांतही दोन्हीकडचे रस्ते वेगळे आहेत. अशा वेळी मॅक्रो वापरू नयेत असे म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशी मी सहमत नाही. फक्त ती तपासणी एका हेडरमध्ये एकदाच करावी, तिथून प्रकल्पाचे स्वतःचे नाव द्यावे आणि बाकी सगळीकडे तेच नाव चालवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. शेकडो फाइलींत विखुरलेली ‘#इफडेफ’ची ठिगळे नंतर कोणालाच उसवता येत नाहीत.

लेखात आणखी एक वाक्य होते, की मॅक्रोमुळे ‘प्रोग्रॅम कोणत्या संगणकावर आहे हे त्याला कळते’. प्रोग्रॅमला काहीच कळत नसते. कंपाइल होतानाच निर्णय झालेला असतो आणि वगळलेला भाग तयार प्रोग्रॅममध्ये नसतोच. हा निर्णयसुद्धा कंपाइलर ज्या संगणकावर चालतो त्यावरून होत नाही, ज्याच्यासाठी कोड बनवला जातो त्यावरून होतो. लिनक्सवर बसून मिनजीडब्ल्यूने विंडोजसाठी क्रॉस कंपाइल केले, तर ‘_विन३२’ असतो, ‘__लिनक्स__’ नसतो. मेकफाइलमधून ‘युनेम’ चालवून सिस्टिम ओळखणारे नेमके इथेच चुकतात, कारण ती आज्ञा यजमानाचे नाव सांगते. तसेच विंडोजसाठी बनवलेला प्रोग्रॅम वाइनच्या साहाय्याने लिनक्सवर चालवला, तर आपण कुठे चालतो आहोत हे त्याला या मॅक्रोंवरून कळण्याचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा पुरवणीच्या पुढील अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. पहिली पायरी ‘_विन३२’, अंडरस्कोरसह. त्यानंतर ‘__अँड्रॉइड__’, आणि त्याच्याही नंतर स्मॉल अक्षरांतला ‘__लिनक्स__’. मग ‘__अ‍ॅपल__’, आणि त्याच्या आत ‘टार्गेटकंडिशनल्स’ हेडर आणून ‘#इफ’ने केलेली मॅक व आयओएसची विभागणी. ज्यांनी फ्रीबीएसडीवर प्रोग्रॅम खरोखर चालवून पाहिला असेल, त्यांनी ‘__फ्रीबीएसडी__’ची पायरी घालावी, इतरांनी घालू नये. सर्वांत शेवटी ‘#एल्स’, आणि त्याखाली ‘#एरर’. यामुळे चौकट आठ-दहा ओळींनी वाढेल. जागेची अडचण असल्यास शेजारचे प्रीप्रोसेसरचे रेखाचित्र वगळले तरी चालेल, कारण मजकुरात ते सगळे आलेलेच आहे.

आपला नम्र,
पुरवणीचा एक नियमित वाचक